लालभडक वेफर्स, करपलेल्या काचऱ्या आणि आपलं लिव्हर : ॲक्रिलामाइडबद्दल नीट बोलूया का?

सानपाडा_मीरा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज फिरतोय, "तळलेल्या बटाट्यात विष सापडलं, लिव्हर निकामी होतं, सगळ्यांना पाठवा". निम्मी जनता घाबरली, निम्मी म्हणाली फॉरवर्ड आहे सोडून द्या. मला दोन्ही पटलं नाही. महापे एमआयडीसीत फूड टेस्टिंग लॅबमध्ये बरीच वर्षं काम केलंय, मेसेजमधलं ते "विष" म्हणजे ॲक्रिलामाइड मशीनवर स्वतः मोजलंय, म्हणून इथे धागा काढतेय. लांबलचक होईल पण वाचा, घराघरातला विषय आहे.

ॲक्रिलामाइड कोणी अन्नात टाकत नाही. भेसळ नाही, फवारणी नाही, रंग नाही. बटाटा, गहू, कॉफीच्या बिया अशा गोष्टींमध्ये ॲस्परॅजिन नावाचं अमिनो ॲसिड असतं आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज असतं, पाणी उडून गेलं आणि उष्णता साधारण १२० डिग्रीच्या वर गेली की दोघांची प्रक्रिया होते, पदार्थाला तो खमंग वास नि लालसर रंग येतो आणि त्याच्याच पोटात हे ॲक्रिलामाइड तयार होतं. म्हणजे जिथे रंग तिथे हे, आणि बटाटा-पाव-बिस्किटात रंग जितका गडद तितकं हे जास्त. उकडलेल्या, वाफवलेल्या पदार्थात जवळजवळ नाही. मटण-मासे-दूध यातही फार नाही, हा मुख्यतः पिठूळ पदार्थांचा प्रश्न.

सापडलं कसं ते तर ऐकण्यासारखं आहे. १९९७ साली स्वीडनमध्ये हालांडसॉस डोंगरातून रेल्वेचा बोगदा खणत होते, आत पाणी झिरपायला लागलं म्हणून भेगा बुजवायला ॲक्रिलामाइड असलेलं रसायन भरलं. ते नीट घट्ट झालंच नाही, ओढ्यात उतरलं, मासे मेले, ते पाणी प्यायलेल्या गायींना धड उभं राहता येईना. मग कामगारांचं रक्त तपासलं, तुलनेसाठी बोगद्याशी काही संबंध नसलेल्या लोकांचंही तपासलं, तर त्यांच्याही हिमोग्लोबिनला चिकटलेलं ॲक्रिलामाइड मिळालं! हे आलं कुठून? शोधता शोधता स्टॉकहोम विद्यापीठाची माणसं जेवणाच्या ताटापर्यंत पोचली आणि एप्रिल २००२ मध्ये स्वीडनच्या अन्न खात्याने जाहीर केलं की चिप्स, फ्राइज, क्रिस्पब्रेड सगळ्यात हे आहे. माणूस आगीवर स्वयंपाक करायला लागला तेव्हापासून हे पोटात जातंय, कळलं फक्त २००२ ला.

आता लिव्हर. आतड्यातून शोषलं गेलेलं पहिलं लिव्हरकडेच जातं. तिथे दोन वाटा आहेत. एक वाट चांगली, लिव्हरमधलं ग्लुटाथायोन त्याला पकडतं आणि लघवीवाटे बाहेर काढतं. दुसरी वाट म्हणजे सीवायपी२ई१ नावाचं एन्झाइम त्याचं ग्लायसिडामाइड करतं, आणि हे मूळ पदार्थापेक्षा वाईट, थेट डीएनएला जाऊन चिकटतं. म्हणजे विषाला विष बनवणारा आणि विष बाहेर काढणारा अवयव एकच. किती कुठल्या वाटेने जाणार हे त्या माणसाच्या लिव्हरच्या अवस्थेवरही ठरतं, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. वेफर्सचं पाकीट वाईट का चांगलं एवढंच विचारून भागत नाही, ते कोणाच्या लिव्हरमध्ये चाललंय हेही विचारायला हवं.

घोडबंदरकर

मस्त लिहिलंय मीराताई. माझ्या कामाचा धागा. ऑफिसच्या हेल्थ चेकअपमध्ये सोनोग्राफीत फॅटी लिव्हर ग्रेड १ आलंय, एसजीपीटी (रक्तात मोजतात ते लिव्हरचं एन्झाइम) पण थोडं वर आहे. शुक्रवारी मित्रांबरोबर बसणं होतं आणि चखण्याला वेफर्स, फ्राइज, मसाला शेंगदाणे हेच असतं. सीवायपी२ई१ चं वाचून धस्स झालं कारण दारूच्या संदर्भात हे नाव आधी कुठेतरी वाचलंय. दोन्हीचा संबंध आहे का? आणि घरी एअर फ्रायर घेतलाय त्याने हा प्रॉब्लेम सुटतो का?

कोपरीचा_पक्या

ताई राग मानू नका पण आमचे आजोबा चुलीवरची करपलेली भाकरी आणि निखाऱ्यावरचा पापड खाऊन नव्वदीपर्यंत ठणठणीत जगले. दर दोन वर्षांनी काहीतरी नवीन विष निघतं, आधी अंडं वाईट मग तूप वाईट मग दोन्ही चांगली. माणसाला याने लिव्हरचा आजार झाला असं कोणी सिद्ध केलंय का? हो की नाही एवढंच सांगा.

सानपाडा_मीरा

@पक्या, राग कशाला, अगदी बरोबर प्रश्न आहे. डॉक्टर येऊन जास्त नीट सांगतील, माझ्यापुरतं एवढं की "माणसाला झालाच" असं मी म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही. पण आजोबा दिवसभर शेतात राबत होते आणि त्यांच्या ताटातली करपलेली गोष्ट म्हणजे भाकरीवरचे दोनचार डाग. आज माझ्या भाचीच्या दिवसाची सुरुवात टोस्टने, मधल्या सुट्टीत वेफर्स, संध्याकाळी फ्राइज, रात्री अभ्यास करताना बिस्किटं. आणि मुलांचं वजन कमी असतं, त्यामुळे किलोमागे डोस त्यांनाच जास्त बसतो. युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये हिशोब मांडला तेव्हा वयोगटाप्रमाणे सरासरी सेवन रोज किलोमागे ०.४ ते १.९ मायक्रोग्रॅम आलं, आणि काळजी वयाने लहान असलेल्यांचीच जास्त केली होती.

@घोडबंदरकर, एअर फ्रायर म्हणजे छोटी भट्टी आहे. तेल वाचतं ते चांगलंच, तुमच्या लिव्हरला त्याचा फायदा आहे. पण ॲक्रिलामाइडला तेलाशी देणंघेणं नाही, त्याला कोरडी उष्णता पुरते. २०० डिग्रीवर कडक होईस्तोवर ठेवलंत तर त्यातही होणार. तापमान थोडं खाली ठेवा आणि फिकट सोनेरी दिसलं की काढा. दारूचं डॉक्टरांवर सोडते.

डॉ_ऐरोली

दवाखाना आटोपून आत्ता वाचलं. मीराताईंनी केमिस्ट्री अचूक मांडलीय, मी पेशंटच्या बाजूने बोलतो.

@पक्या, आधी तुमचं उत्तर. उंदरांना नळीने किंवा पाण्यातून ॲक्रिलामाइड दिलं की लिव्हरला इजा होते हे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. रक्तात एसजीओटी-एसजीपीटी ही लिव्हरची एन्झाइमं वाढतात, ग्लुटाथायोनचा साठा खाली येतो, पेशींची जळजळ होते, चरबीचे थेंब दिसतात. पण ते डोस किलोमागे मिलिग्रॅममध्ये असतात, आपण खातो मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे हजारो पटींचा फरक. कॅन्सरच्या बाजूने जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९९४ मध्येच याला २ए गटात टाकलं, म्हणजे माणसात कॅन्सर होण्याची दाट शक्यता, पण तो निर्णय मुख्यतः प्राण्यांवरच्या पुराव्यावरचा. माणसांवर आहाराचे मोठमोठे अभ्यास झालेत, उत्तरं एका दिशेला येत नाहीत. तेव्हा तुमच्या "हो की नाही" ला माझं प्रामाणिक उत्तर, माणसात सिद्ध नाही, पण दुर्लक्ष करण्याइतकं निरुपद्रवीही नाही.

@घोडबंदरकर, संबंध आहे. नेहमी पिणाऱ्या माणसाच्या लिव्हरमध्ये सीवायपी२ई१ वाढलेलं असतं, आणि फॅटी लिव्हर असलेल्या, पोट सुटलेल्या न पिणाऱ्या माणसातही ते वाढलेलं मिळतं. दारूने ग्लुटाथायोनही कमी होतं. म्हणजे वाईट वाट रुंद झाली आणि चांगली वाट अरुंद झाली. हेच एन्झाइम पॅरासिटामॉलचा घातक भाग तयार करतं आणि तेच ग्लुटाथायोन त्याला आवरतं, म्हणून रोज पिणाऱ्याने डोकं दुखलं की मनाने गोळ्यांवर गोळ्या घेऊ नयेत असं आम्ही सांगतो. पेशंटला हे ऐकून नेहमी आश्चर्य वाटतं, तापाची साधी गोळी ना, मग काय होतंय! होतं, बाबांनो.

पण तुमचा नंबर एकचा शत्रू ॲक्रिलामाइड नाही. तो बिअर, तेल, मैदा, गोड पेयं आणि खुर्ची आहे. २०२३ पासून फॅटी लिव्हरचं इंग्रजी नावसुद्धा बदलून मेटाबॉलिक प्रकारातलं केलंय ते याच कारणाने. वजन ५ टक्के उतरलं की लिव्हरची चरबी कमी व्हायला लागते, ७ ते १० टक्के उतरलं की सूजही उतरते. शुक्रवारची बैठक बंद केलीत तर तो चखणा आपोआप बंद होईल, एका निर्णयात दोन कामं. आणि बाजारातली लिव्हर डिटॉक्सची पावडर कृपया घेऊ नका.

नेरूळ_प्राची

माझं बाळ दहा महिन्यांचं आहे, दात येतायत म्हणून टोस्ट नि नाचणीची बिस्किटं हातात देते. आता काय करू?? दुसरं म्हणजे मी स्वतः कॉफी पिऊनच जगतेय सध्या, ती पण बंद करू का, कॉफी पण भाजलेलीच ना.

सानपाडा_मीरा

@प्राची, घाबरू नको गं. युरोपात २०१८ पासून नियम लागू आहे, प्रत्येक पदार्थाला एक पातळी ठरवलीय आणि त्यावर गेलं की कंपनीने पद्धत सुधारायची. एक किलो पदार्थामागे मायक्रोग्रॅममध्ये सांगायचं तर बटाट्याच्या चिप्सना ७५०, फ्राइजना ५००, साध्या बिस्किटांना ३५०, बाळांच्या बिस्किट-टोस्टना १५०, बाळांच्या इतर धान्याच्या पदार्थांना फक्त ४०. बघ, बाळांसाठी किती खाली आणलंय. आपल्याकडे पाकिटावर हा आकडा छापलेला नसतो आणि तो छापलेला असावा असं मला मनापासून वाटतं, कारण आईने दुकानात उभं राहून ठरवायचं तरी कशावरून? तोवर डोळे वापरायचे. टोस्ट फिका घे, कडेचा काळपट भाग काढून टाक, रोजच्या ऐवजी कधीतरी दे. नाचणीचं सत्त्व, मऊ भात, उकडलेला बटाटा, रताळं, केळं यात हा प्रश्नच नाही.

बेकरीवाल्यांसाठी एक गोष्ट, बिस्किटं फुगायला जे अमोनियम बायकार्बोनेट घालतात (बेकरीत त्याला अमोनियाच म्हणतात) त्याने ॲक्रिलामाइड वाढतं, त्याजागी खायचा सोडा वापरला तर बरंच कमी होतं. घरी नानकटाई करणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

डॉ_ऐरोली

कॉफी बंद करू नका. तिच्यात ॲक्रिलामाइड आहे हे खरं. तरीही कॉफी पिणाऱ्यांमध्ये सिरोसिस आणि लिव्हरचा कॅन्सर कमी दिसतो, हे वेगवेगळ्या देशांत पुन्हा पुन्हा आढळलंय, आणि २०१६ मध्ये त्याच कॅन्सर संस्थेने कॉफीला संशयितांच्या यादीतून काढलं. एका पदार्थात एकच रसायन नसतं, पूर्ण पदार्थ बघायला लागतो. बाळाला पाजत असाल तर दिवसाला एकदोन कप, साखर कमी, एवढंच पाळा.

सानपाडा_मीरा

यात एक भर. चिकरी (कॉफीत मिसळतात ते भाजलेलं मूळ) मात्र कॉफीपेक्षा बरीच वर असते, युरोपात भाजलेल्या कॉफीला ४०० आणि नुसत्या चिकरीला ४००० अशी पातळी आहे. आपल्याकडे फिल्टर कॉफीच्या पावडरीत चिकरी सर्रास असते, पाकिटावर टक्के लिहिलेले असतात ते बघून कमी चिकरीची घ्या.

नौपाड्याच्या_सुधाताई

मीरा, छान माहिती दिलीस. माझं वय सत्तरीच्या पुढे, लिहायला वेळ लागतो, सांभाळून घ्या. नातवाच्या डब्यात आठवड्यातून दोनदा बटाट्याच्या काचऱ्या असतात, त्याला कडक झालेल्या कडाच आवडतात, आणि सून बाजारातून आल्या आल्या बटाटे फ्रिजमध्ये टाकते. माझ्या सासूबाई बटाटा कधी गारठ्यात ठेवू द्यायच्या नाहीत, म्हणायच्या गोड होतो. त्यात काही तथ्य आहे का? आणि कुकरचं काय, तोही १२० डिग्रीला जातो असं मुलगा सांगतो.

सानपाडा_मीरा

सुधाताई, तुमच्या सासूबाईंना मानलं. अगदी तेच कारण आहे. गारठ्यात बटाटा आपल्या पिठाची साखर करतो, ग्लुकोज-फ्रुक्टोज वाढतं, आणि तोच बटाटा तळला-परतला की झटकन लाल पडतो आणि ॲक्रिलामाइड कितीतरी पट जास्त होतं. तळायचा-भाजायचा बटाटा फ्रिजमध्ये नकोच. रस्सा, उकडून भाजी असेल तर फरक पडत नाही.

कुकरची काळजी सोडा. आत १२० पर्यंत जातं हे बरोबर पण सगळं ओलं असतं, वाळून लाल होत नाही, त्यामुळे ॲक्रिलामाइड नसल्यात जमा.

काचऱ्या बंद करू नका, तो डबा मी शाळेत असताना माझाही होता. पद्धत बदला. काप केले की पाण्यात टाका, पहिलं पाणी पांढरट होतं ते ओता, दुसऱ्या पाण्यात अर्धा तास राहू द्या, वरची साखर नि ॲस्परॅजिन बरंच पाण्यात उतरतं. मग फडक्यावर कोरडे करा. फोडणीवर टाकून आधी झाकण ठेवा, वाफेवर शिजू द्या, शेवटी झाकण काढून मध्यम आचेवर परता. पिवळ्याचा सोनेरी झाला की गॅस बंद, कढई जाड असेल तर खाली उतरवूनच ठेवा कारण तळ गरम असतो आणि तेवढ्यात दोन मिनिटांत तपकिरी होतात. कडा कुरकुरीत राहतात, खरंच. मीठ नि तिखट शेवटी.

एपीएमसीवाला

वाशी मार्केटला कांदा-बटाट्याचं घरचं काम आहे म्हणून लिहितो. मीराताई जे साखरेचं बोलतायत ते आमच्याकडे रोजचं बोलणं आहे. आग्र्याकडचा माल फेब्रुवारी-मार्चला निघतो आणि कोल्ड स्टोरेजमध्ये २ ते ४ डिग्रीला पडतो, वर्षभर तोच निघत राहतो. हा भाजीला चालतो. पण वेफरवाला हा हात नाही लावत, तळला की काळा पडतो, गिऱ्हाईक माल परत करतं. त्याला लागतो शुगर फ्री. म्हणजे बटाट्यात साखर नाही असं नाही, १० ते १२ डिग्रीवर ठेवलेला, कोंब येऊ नये म्हणून वेगळी फॉगिंग केलेला. जात पण वेगळी, चिप्सोना नाहीतर एलआर (लेडी रोझेटा), गुजरातेतल्या डीसाकडून नि इंदूरकडून येतो. चिप्सोना आपल्या सिमल्याच्या सरकारी बटाटा संस्थेने वेफरसाठीच काढलेली जात. भाव किलोमागे जास्त पडतो म्हणून छोटे वेफरवाले कधीकधी साधा कोल्डचा माल वापरतात आणि रंग आला की मसाला मारून विकतात. पाकिटात वेफर्स एकसारखे फिके पिवळे दिसले तर समजा माल बरोबर वापरलाय, मधेमधे तपकिरी डाग असले तर कोल्डचा. सप्टेंबर-ऑक्टोबरला मंचर-सातगाव पठाराचा नवा माल येतो तेव्हा तो घ्या, ताजा असतो.

कोपरीचा_पक्या

ही माहिती भारी दिली दादा. बरं आता मुद्द्याचा प्रश्न, आमच्या स्टेशनबाहेरच्या वडापावाचं काय? आणि चुऱ्याचं? त्याच काळ्या तेलात दिवसभर तळतात ते वेगळंच.

सानपाडा_मीरा

पक्या, वड्याचं बरं आहे. आतला बटाटा आधी उकडलेला असतो आणि तळताना आत ओलावा असल्यामुळे १०० च्या वर जात नाही, म्हणजे जे काही होईल ते बाहेरच्या बेसनाच्या सालीत. साल पिवळी असेल तर काळजी करू नका. चुरा मात्र सगळा सालच, पातळ थेंब, पटकन जळतो, कढईत फिरत राहिला की काळा होतो. काळा चुरा नको म्हणून सांगायचं, पिवळा मागायचा.

तेलाचा विषय वेगळा आहे आणि माझ्या मते लिव्हरसाठी तोही तितकाच मोठा. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात ॲल्डिहाइडं आणि इतर तुटलेले घटक जमतात. त्याची मोजणी टोटल पोलर कंपाउंड म्हणून होते, एफएसएसएआयने (आपल्या देशाच्या अन्न सुरक्षा संस्थेने) १ जुलै २०१८ पासून २५ टक्क्यांची मर्यादा घातलीय, त्यावर गेलेलं तेल तळायला वापरायचंच नाही. वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करायची योजनाही त्याच वर्षी सुरू झाली. तुम्ही-आम्ही टक्के मोजू शकत नाही, पण तेल घट्ट झालं, तापायच्या आधीच धुरावायला लागलं, फेस बसत नाही, वास डोक्यात जातो, की ते तेल संपलं. घरीही पुरीचं उरलेलं तेल फोडणीला लगेच संपवा, डब्यात महिनाभर साठवून पुढच्या सणाला तेच कढईत नको.

घोडबंदरकर

डॉक्टर, रक्ततपासणी आहे का याची? शरीरात किती आहे कळेल असं काही?

डॉ_ऐरोली

संशोधनात हिमोग्लोबिनला चिकटलेलं मोजतात. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते त्यामुळे गेल्या काही महिन्यांचा हिशोब मिळतो, डायबिटिसच्या तीन महिन्यांच्या टेस्टसारखं. पण ही नेहमीच्या पॅथॉलॉजी लॅबची टेस्ट नाही, आणि करून उपचारात बदल काही होणार नाही, पैसे घालवू नका. त्यात एक गोष्ट कळलीय ती सांगतो, सिगारेट ओढणाऱ्यांच्या रक्तात हे न ओढणाऱ्यांपेक्षा कितीतरी पट जास्त मिळतं. धुरातूनच येतं. चखण्याबरोबर सिगारेट असेल तर आधी ती टाका. तीन महिन्यांनी एसजीपीटी पुन्हा करा, वजन लिहून ठेवा, सोनोग्राफी वर्षाने.

घोडबंदरकर

सिगारेट आहे, बैठकीलाच फक्त. समजलं डॉक्टर. यावेळच्या शुक्रवारी येत नाही म्हणून ग्रुपवर टाकलंय.

नेरूळ_प्राची

एक शेवटचं विचारते. फ्रिजबाहेर बटाटे ठेवले की पावसाळ्यात आमच्याकडे आठवड्यात कोंब येतात, काही हिरवट पण होतात. मग हे बरं की ते बरं?

एपीएमसीवाला

ताई दहा किलो घेऊन ठेवू नका, दोन किलो घ्या आणि संपवा. टोपलीत, अंधारात, हवा लागेल असं ठेवा, कांद्यापासून लांब. धुवून ठेवायचे नाहीत, माती असू द्या. कोल्डचा माल असेल तर तळायच्या आधी आठ-दहा दिवस बाहेर राहू द्या, साखर थोडी उतरते. हिरवा झालेला किंवा कडू लागलेला बटाटा मात्र सरळ टाकायचा, त्यात सोलॅनिन असतं आणि ते उकडून-तळून जात नाही. छोटा कोंब असेल तर खोल कोरून काढला की चालतो.